आराखड्यावर सही करण्यापूर्वी

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि आमचं घर शनिशिंगणापुरात. गावाच्या जुन्या रीतीप्रमाणे चौकटीला दार नाही, पडदा आहे. त्यामुळे लेकरू कधी उठून चालू लागेल याकडे घरातल्या प्रत्येकाचं लक्ष असतं. गर्दीला तो बुजत नाही. उलट गर्दी दिसली की तिकडेच जातो. हे आम्हाला ठाऊक होतं, शाळेच्या कागदावर मात्र नव्हतं.

त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठरवायला बैठक बोलावली, तेव्हा आराखडा आधीच भरलेला होता. ‘वाचनात प्रगती करणे, वर्गात मिसळणे’ एवढंच, आणि खाली पालकाच्या सहीची जागा. मुलगा निघून जातो, हे मी सांगितलं. ‘लक्ष ठेवू’ म्हणाले. लिहून कुणी घेतलं नाही. पुढे वर्गाच्या बाईंची बदली झाली आणि नव्या सरांच्या हाती तेवढाच कागद आला. शनी अमावास्येला मधल्या सुट्टीत मुलगा बाहेर पडला. शनिदर्शनाच्या गर्दीने गावात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी तो एका पूजासाहित्याच्या दुकानात सापडला. रुईच्या माळांखाली बसून तेलाच्या बाटल्या एका रेषेत लावत होता. सुखरूप मिळाला, हे आमचं नशीब. पण लेकराची सुरक्षितता नशिबावर सोडायची नसते.

म्हणून पालकांनो, बैठकीला जाण्याआधी घरी बसून एक पान लिहा. मुलाला काय येतं, काय जमत नाही, तो कशाने बिथरतो, कशाने शांत होतो. त्या प्रसंगानंतर आम्ही लिहिलेल्या पानावर बाटल्यांची रांगही होती. विशेष शिक्षकांनी त्यातूनच त्याला मोजणी शिकवायला घेतली. सोबत आजी, काका, कुणीतरी न्या. एकाने बोलावं, दुसऱ्याने टिपून घ्यावं.

मोघम वाक्य मान्य करू नका. कोण करणार, कधी करणार, झालं की नाही हे कसं कळणार, हे तीन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. आता आमच्या आराखड्यात मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत कोण असेल आणि गर्दीच्या दिवशी घरचं कोण न्यायला येईल, हे नावानिशी लिहिलेलं आहे. पुढच्या आढाव्याची तारीखही आहे.

हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता येते. मुलाला गरजेप्रमाणे आधार देणं आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं ही त्या कायद्याने शाळेवर टाकलेली जबाबदारी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; तिथेही हा विषय मांडा. शाळेत ऐकलं नाही तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना भेटा, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शिक्षकांशी भांडायला जाऊ नका. त्यांच्या हाताखाली पुष्कळ मुलं असतात. पण तुमच्या मुलाला तुमच्याइतकं ओळखणारं त्या खोलीत दुसरं कुणी नसतं. आराखडा पूर्ण वाचा, राहिलेलं लिहायला लावा, मगच सही करा, आणि प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.