जास्वंद घरात घेण्याआधी

न्यू जर्सीत मे महिना उजाडला की गार्डन सेंटरच्या दारातच जास्वंदीच्या कुंड्या मांडतात. गणपतीला वाहायला घरचं फूल हवं म्हणून आपली मंडळी हौसेनं घेतात. मीही घेतली. पट्टीवर नुसतं ‘हिबिस्कस’ लिहिलेलं. ‘जमिनीत लावा, दरवर्षी फुलेल,’ असं विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं. गणेशोत्सवात झाड लालभडक फुललं. पुढे पहिलं कडक फ्रॉस्ट पडलं आणि सकाळी सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोंबत होती. वसंत आला, झाड काही परत आलं नाही.

विक्रेता बोलला ते खरंच होतं, फक्त दुसऱ्या झाडाबद्दल. ‘हिबिस्कस’ या एका नावाखाली इथे तीन वेगळी झाडं विकतात. आपल्या जास्वंदीचं पान गडद हिरवं, तुकतुकीत. ‘रोज ऑफ शॅरन’चं पान लहान, फिकं, बहुधा तीन खाचांचं आणि खोड काटक. तिसऱ्याचं फूल जेवणाच्या ताटलीएवढं, पान मोठं आणि बिनचकाकीचं. पिवळं किंवा केशरी फूल दिसलं, तर ती आपलीच उष्ण प्रदेशातली जास्वंद समजावी. रोज ऑफ शॅरन दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल, तर आपली जास्वंद मलेशियाचं. थंडी कोणाला सोसेल, हे एवढ्यावरूनही कळावं. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात मध्य न्यू जर्सी सातव्या पट्ट्यात येतं. म्हणजे ऐन हिवाळ्यातला नीचांक सरासरी शून्याखाली १२ ते १८ अंश सेल्सिअस. तिथे जास्वंद, मोगरा, अनंत यांचा बाहेर निभाव लागत नाही.

उलटी चूकही सर्रास होते. रोज ऑफ शॅरनला पालवी फार उशिरा फुटते आणि ताटलीएवढ्या फुलाचं झाड तर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जातं. मे सरत आला तरी हालचाल दिसत नाही, म्हणून लोक जिवंत झाड उपटून टाकतात. आधी फांदीची साल नखानं जराशी खरवडून बघा. आत हिरवं ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. वाळलेल्या बुंध्याला मात्र जून उजाडेपर्यंत हात लावू नका.

नाजूक झाडं घरात घ्यायची वेळ पहिल्या फ्रॉस्टची नव्हे, त्याच्या बरीच आधीची. रात्रीचं तापमान १० अंशांवर, म्हणजे ५० फॅरनहाइटवर आलं की कुंड्या हलवाव्यात. साधारण दसऱ्याच्या आगेमागे ही वेळ येते, पण तिथीपेक्षा थर्मामीटरचं ऐका. आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण तिथेच दडतात आणि हीटिंगच्या कोरड्या उबेत बघता बघता घरभर होतात.

आत आल्यावर पानं पिवळी पडून गळू लागतात. कारण बहुतेक वेळा उजेड कमी झाल्याचं असतं, पण आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आपण पाणी घालत सुटतो. घरात आणलेली झाडं थंडीनं कमी आणि मुळं कुजून जास्त मरतात. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. खत थेट वसंतापर्यंत बंद.

सगळ्यांना खिडकी लागतेच असं नाही. जास्वंद आणि मोगऱ्याला दक्षिणेकडचा उजेड द्या. बोगनवेल पानं टाकून गार गराजमध्ये झोपते. पाणी गोठणार नाही एवढी ऊब आणि अधूनमधून घोटभर पाणी तिला पुरतं. कण्हेरही तशीच राहते, पण ती सर्वांगानं विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर आणूच नका. रोज ऑफ शॅरन कुंडीत असेल तर तिलाही आडोसा हवा, कारण जमिनीपेक्षा कुंडीतली मुळं लवकर गोठतात.

मे महिन्यात मदर्स डे उलटला की कुंड्या बाहेर काढा. आधी काही दिवस सावलीत, मग उन्हात. आणि पुढच्या खरेदीला पट्टीवर पूर्ण शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. नुसतं ‘हिबिस्कस’ लिहिलं असेल तर पान हातात घेऊन बघा आणि मगच ठरवा.