लेंकराची मात्रा

मोठ्या माणसास एक गोळी, तर लेंकरास अर्धी, असा हिशेब खेडोपाडीं घरोघर चालतो. आगगाडींत अर्धें तिकीट चालतें, मग औषधांत कां चालूं नये? आमच्या घरींही पूर्वीं हाच हिशेब होता, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. पोटांत गेलेलें औषध बहुतकरून यकृत मोडून टाकतें व मूत्रपिंडें बाहेर घालवितात. नवजात बाळाचीं हीं दोन्ही इंद्रियें अद्याप अपुरीं असतात. क्लोरॅम्फेनिकॉल नांवाचें औषध पूर्वीं तान्ह्या बाळांस मोठ्या मात्रेंत देत. यकृतास तें आवरेना, म्हणून तें रक्तांत साचे. पोट फुगे, अंग राखेसारखें करडें पडे, आणि कित्येक बाळें दगावलीं. १९५९ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं हा प्रकार उघडकीस आणला. उलट, वर्षादोन वर्षांचें मूल कांहीं औषधें वजनाच्या मानानें मोठ्यांपेक्षांही लवकर पचवितें. तेव्हां अर्ध-पाव करण्यास आधार तो कोणता?

म्हणून डॉक्टर वजन पाहतात. तापावरील पॅरासिटामॉल एका वेळीं दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम देतात. म्हणजे दहा किलोच्या मुलास १०० ते १५०. पांचशेची गोळी अर्धी केली, तर २५० झाले! बाटल्यांची गोष्ट तर याहून बिकट. पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरांत बहुधा १२० किंवा २५० मिलिग्रॅम असतात. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलींत मात्र एकाच मिलिलिटरांत १००. एका घरीं आम्ही भेटीस गेलों, तों आईनें थेंबांचें औषध चमचाभर काढलेलें. तें ५०० मिलिग्रॅम होतें. बिचारीनें मायेनेंच काढलें होतें. आम्हीं चमचा हातांतून घेतला.

कांहीं औषधें तर मात्रा कमी करूनही घरच्या घरीं देऊं नयेत. कांजिण्या किंवा फ्लूच्या तापांत मुलास ॲस्पिरिन दिल्यास क्वचित् यकृत व मेंदू यांस प्राणघातक विकार जडतो. आठ वर्षांच्या आंत टेट्रासायक्लिन दिल्यास बनत्या दांतांवर पिवळे-तपकिरी डाग कायमचे राहतात.

अंगणवाडींत लेंकराचें वजन घेतात. तो आंकडा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावा. बाटलीबरोबर मिळालेलें मापही तिच्यापाशींच ठेवावें. स्वयंपाकघरांतील चमचे कोणत्या दोन घरांत सारखे असतात?