छापण्याआधी लेबल बघायचं कसं?

आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. आता हाच घेवडा पोत्याऐवजी अर्ध्या किलोच्या पाकिटात विकायचा म्हटलं की लेबल आलंच. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे मालाचं नाव, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. खाण्याचा माल, म्हणून एफएसएसएआयचा १४ आकडी नंबरही हवा. त्यातला एक आकडा चुकला की छापलेला सगळा रोल रद्दीत. आणि ज्या शेतकऱ्याचा पत्ता त्यावर जाणार, त्याला छपाईआधी दाखवायला आपल्याकडे असतं काय? तर कोडाच्या दहा-बारा ओळी! त्या वाचून तो काय सांगणार, किंमत बरोबर आहे की नाही ते?

म्हणून कोडाचं आधी चित्र करायचं आणि ते त्याच्या मोबाइलवर पाठवायचं. हे वाटतं तितकं अवघड नाही, पण त्यात दोन-तीन खाचा आहेत.

झेब्रासारख्या लेबल प्रिंटरला आपण चित्र पाठवत नाही, झेडपीएल नावाच्या भाषेतल्या सूचना पाठवतो. बहुतेक सूचना टोपीच्या चिन्हाने, म्हणजे ^ ने सुरू होतात. (मी त्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच रोमन.) ^एक्सए म्हणजे लेबल सुरू, ^एक्सझेड म्हणजे संपलं. मधे ^एफओ सांगतं कुठून सुरुवात करायची, ^एफडी सांगतं काय लिहायचं आणि ^एफएस म्हणजे ते संपलं. चित्र करणारा प्रोग्राम हेच वाचत जातो आणि पांढऱ्या चौकटीवर काळे ठिपके भरत जातो. बस, एवढंच.

खरी गोम मापात आहे. ^एफओ४०,३० म्हणजे ४० मिलिमीटर नव्हे, ४० ठिपके! २०३ डीपीआयचा प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके मारतो, ३०० डीपीआयचा साधारण १२. म्हणजे ५० बाय २५ मिमीचं लेबल पहिल्यावर ४०० बाय २०० ठिपक्यांचं, दुसऱ्यावर जवळपास ६०० बाय ३०० चं. पहिल्यासाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर छापला की सगळा मजकूर दोन-तृतीयांश होऊन वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. कोडात बहुतेक वेळा हे लिहिलेलंच नसतं की तो कुठल्या प्रिंटरसाठी आहे. तेव्हा चित्र करताना ते आपणच सांगायचं. लेबलरी नावाची एक ऑनलाइन सेवा आहे, ती झेडपीएलचं पीएनजी किंवा पीडीएफ करून देते. तिथेही आधी दर मिलिमीटरला किती ठिपके ते निवडावं लागतं. लेबलचं माप इंचात द्यायचं असेल तर आपलं लेबल १.९७ बाय ०.९८. इथे चूक झाली तर चित्र छान दिसेल आणि छपाई वेगळीच येईल.

आता बारकोड. समजा आठ अक्षरांचा बॅच नंबर कोड १२८ मध्ये छापायचाय. यात प्रत्येक अक्षराला ११ पट्ट्यांची जागा लागते. सुरुवातीचं आणि तपासणीचं चिन्ह धरून दहा अक्षरं, म्हणजे ११०, आणि शेवटच्या चिन्हाच्या १३. एकूण १२३. एक पट्टी ३ ठिपक्यांची ठेवली तर ३६९ ठिपके झाले. डावीकडे ३० ठिपके कोरे सोडले की ३९९. बसलं की ४०० मध्ये! चित्रातही एकूण एक रेघ दिसते. पण दोन्ही बाजूंना दहा-दहा पट्ट्यांची कोरी जागा नसेल तर स्कॅनर अडखळतो, आणि इथे उजवीकडे एकच ठिपका उरलाय. पट्टी २ ठिपक्यांची केली की बारकोड २४६ ठिपक्यांचा होतो, कोऱ्या जागेसकट २८६. म्हणून चित्र बघताना रेघांइतकंच त्यांच्या शेजारच्या पांढऱ्या जागेकडे बघा.

मराठीची गोष्ट अजून मजेशीर. कायद्याने लागणारा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा, मराठी जास्तीची. पण आपल्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला 'वाघ्या घेवडा' मराठीतच वाचायला आवडणार ना? प्रिंटरच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. दुसरा फॉन्ट भरला तरी 'किंमत' मधली वेलांटी बघा. कॉम्प्युटर आधी क साठवतो, मग वेलांटी, आणि कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची असते. जोडाक्षरांचंही तसंच. ही जुळणी ज्याला येत नाही तो चौकोन तरी छापतो नाहीतर विस्कटलेली अक्षरं. माझ्या मते सरळ उपाय असा, की मराठी ओळ आपल्या कॉम्प्युटरवर लिहून तिचं काळं-पांढरं चित्र करावं आणि ^जीएफ ने कोडात घालावं. एका बाइटमध्ये ८ ठिपके मावतात, तेव्हा ४०० बाय ४० ची ओळ २००० बाइटची होते. कोड लांबलचक दिसतो खरा, पण ठिपके ठरलेले असल्यामुळे चित्रात जे दिसेल तेच छापलं जातं. इंग्रजी अक्षरांची तशी खात्री नाही, कारण प्रिंटरचा फॉन्ट प्रिंटरमध्ये असतो आणि चित्र करणारा प्रोग्राम त्याच्यासारखा दुसरा वापरू शकतो. म्हणून लांब पत्त्याच्या उजवीकडे थोडी जागा राखून ठेवा.

पाठवताना पीएनजीच पाठवा. जेपीईजीमध्ये रेघांच्या कडा धुरकट होतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकलं की तेच होतं, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून टाका. ४०० ठिपक्यांचं चित्र मोबाइलवर चिमुकलं दिसतं, मग ते बरोबर तिप्पट करा, अडीचपट नको, नाहीतर पट्ट्या कमी-जास्त जाडीच्या होतात. आणि कुरिअरच्या लेबलचा कोड ऑनलाइन सेवेत टाकताना गिऱ्हाइकाचं खरं नाव आणि फोन काढून टाका, कारण तो सगळा मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो.

प्रिंटरची उष्णता कमी असल्याने फिकट उमटलेला बारकोड किंवा सरकलेला रोल मात्र चित्रात दिसत नाही. त्यासाठी पाचशेची ऑर्डर देण्याआधी दोन लेबलं छापा, एक पाकिटावर चिकटवा आणि मोबाइलने स्कॅन करा.