पाठ : डॉल्फिनची हाक

एलाटच्या डॉल्फिन रीफला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. १९९० साली सुरू झालेल्या त्या जागेत काळ्या समुद्रातून डॉल्फिन आणले गेले, आणि पुढे त्यांची पिल्लं एलाटलाच जन्मली. तिथे सिमेंटचा हौद नाही. लाल समुद्राचाच एक तुकडा जाळीने वेगळा केलेला आहे. पुढच्या वेळी गेलात तर नुसत्या उड्या मोजत बसू नका. कान देऊन ऐका.

आधी एक गोष्ट पक्की करू. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला कल्ले नाहीत, श्वासासाठी वर यावं लागतं, पिल्लू आईचं दूध पितं. खवलेही नाहीत. आपल्या आज्या मासळी घेताना आधी खवले बघत. त्यांच्या टोपलीत हा कधीच आला नसता!

डॉल्फिन शीळ घालतो, पण तोंडाने नाही. डोक्यावरच्या नाकपुडीखाली हवेच्या छोट्या पिशव्या असतात, तिथे हवा खेळवून तो आवाज काढतो. यातली एक शीळ प्रत्येकाची स्वतःची असते. आपण तिला ओळखशीळ म्हणू. आपल्याकडे नाव आईबाप ठेवतात आणि आडनाव गाव देतं : पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. डॉल्फिनचं पिल्लू मात्र आजूबाजूच्या शिळा ऐकत ऐकत, पहिल्या वर्षाच्या आसपास, आपली शीळ आपणच घडवतं. ती बहुतेक आयुष्यभर टिकते.

हे खरंच नावासारखं आहे का? स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूज विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते तपासलं. त्यांनी समुद्रातल्या डॉल्फिनच्या शिळा टिपल्या, संगणकावर त्यांची नक्कल केली आणि पाण्यात वाजवली. स्वतःची शीळ ऐकली की डॉल्फिन उत्तर द्यायचा. दुसऱ्याची वाजली तर सहसा नाही. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सारासोटा खाडीत तर १९७० पासून त्याच डॉल्फिन कुटुंबांचा अभ्यास चालू आहे. तिथे दिसलं, की पिल्लू जवळ असलं की आईची शीळ जास्त वरच्या सुरात जाते. आपण बाळाशी बोलताना आवाज चढवतो, तसंच.

ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमधले नर वर्षानुवर्षं दोघे-तिघे मिळून फिरतात. इतकी दाट मैत्री, तरी प्रत्येकाची शीळ वेगळीच राहते. तिथल्याच काही माद्या चोचीवर स्पंज चढवून समुद्राचा तळ उकरतात, म्हणजे चोच खरचटत नाही. ही युक्ती लेकी आईकडे बघून शिकतात. आईचा स्वयंपाक बघून शिकल्यासारखं.

आता बंदिवासातल्यांची गोष्ट. ती मला सांगायला थोडी जड जाते. प्राणिसंग्रहालयं आपसांत डॉल्फिनची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एकत्र राहिलेले दूर जातात. जेसन ब्रुक या अमेरिकन शास्त्रज्ञाने सहा ठिकाणच्या ४३ डॉल्फिनना जुन्या सोबत्यांच्या शिळा ऐकवल्या. अनोळखी शिळेचा त्यांना लवकर कंटाळा येई. ओळखीची वाजली की ते आवाजाकडे जात. बर्म्युडातल्या बेली नावाच्या मादीला अ‍ॅलीची शीळ ऐकवली. दोघी फ्लोरिडात एकत्र राहिल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ भेट नव्हती. बेलीने शीळ ओळखली. पण पाण्यात होता फक्त ध्वनिवर्धक, अ‍ॅली होती शिकागोजवळ. ज्यांना इतकं आठवतं, त्यांना हौदातून हौदात हलवताना कोणी विचार केला होता का, असं मला वाटतं. भारत सरकारने २०१३ साली डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी न देण्याचं ठरवलं, ते मला योग्य वाटतं.

कोकणात ते मोकळेच आहेत. आपल्या पूर्वजांच्या त्या किनाऱ्याजवळ पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन राहतात. दापोली-मालवणकडे होडीवाले सकाळी ते दाखवायला नेतात. सुट्टीत गेलात तर होडीवाल्या काकांना यंत्र बंद करून थोडं थांबायला सांगा.

नवे शब्द : हौद (पाण्याची बांधलेली टाकी), शीळ (शिट्टीचा सूर), कल्ले (माशाचे श्वास घेण्याचे अवयव).

घरचा अभ्यास : आजी-आजोबांना लहानपणी घरात कोणत्या नावाने हाक मारत, ते विचारा. मारणाऱ्याचं नाव आणि ती हाक वहीत लिहा. वर्गात ती मोठ्याने मारून दाखवायची आहे.