आठवड्यात किती धावावे?

[धावणे हा सगळ्यांत स्वस्त व्यायाम. पण नव्याने धावू लागणाऱ्याने आठवड्यातून किती धावावे, याबद्दल लोकांच्या मनात अनेक गैरसमज असतात. या पाठात त्याविषयी माहिती दिली आहे.]

थंडीचे दिवस सुरू झाले, की सकाळी शाळेच्या मैदानावर नवे चेहरे दिसू लागतात. एखादा मुलगा पहिल्याच दिवशी मैदानाला दहा फेऱ्या मारतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात. जिना उतरताना तो कठडा धरून उतरतो. तिसऱ्या दिवशी मैदानावर त्याचा पत्ता नसतो. विचारले तर म्हणतो, "धावणे माझ्या तब्येतीला मानवत नाही." धावण्याचा यात काय दोष? महिन्याभराचे धावणे त्याने एका सकाळी उरकायला घेतले, ते मानवले नाही.

मग किती धावावे? शर्यत जिंकायची नसेल, फक्त तब्येत चांगली राखायची असेल, तर आठवड्याला किती वेळ पुरे? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला डॉक्टरांना बरीच वर्षे लागली.

या शोधाची एक मोठी सुरुवात लंडनच्या बसगाड्यांत झाली. मुंबईची दुमजली बस तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. लंडनमध्ये अशा बसगाड्या पुष्कळ होत्या. प्रत्येक बसमध्ये दोन माणसे काम करीत, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढे आणि उतरे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या दोघांच्या आजारांची तुलना केली आणि १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. जे अधिक हालचाल करतात त्यांचे हृदय अधिक निरोगी राहते, असे त्यावरून दिसले.

मॉरिस मोठे चौकस होते. कंडक्टरची नोकरी धरणारी माणसे मुळातच सडपातळ असतील तर? अशी शंका त्यांना आली. म्हणून त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला खरोखरच मोठ्या निघाल्या! म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. तरीही पुढे इतर नोकऱ्यांतील माणसे तपासली, तेव्हाही हालचालीचा फायदा दिसतच राहिला. (हे मॉरिस स्वतः २००९ साली वारले, तेव्हा त्यांचे वय ९९ वर्षांचे होते.)

हालचाल चांगली, एवढे समजले. पण किती? अमेरिकेत केनेथ कूपर नावाचे हवाईदलातील डॉक्टर होते. त्यांनी १९६८ साली व्यायामावर एक पुस्तक लिहिले. ते वाचून लाखो माणसे रस्त्यावर धावू लागली. काही जण तर इतके धावू लागले, की त्यांचे गुडघे आणि घोटे दुखू लागले. तेव्हा कूपर यांनीच लोकांना आवरले. आठवड्याला पंधरा मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरहून अधिक धावणारा माणूस केवळ तब्येतीसाठी धावत नसतो, त्याचे कारण काही वेगळे असते, असे ते सांगू लागले. ज्याने लोकांना पळायला लावले, त्यानेच 'पुरे' म्हणावे, ही गोष्ट मला फार आवडते.

कूपर यांच्या डॅलस शहरातील दवाखान्यात तपासणीसाठी येणाऱ्या माणसांची माहिती वर्षानुवर्षे जपून ठेवली जात होती. तिचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५५ हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुष होते आणि त्यांच्यावर सरासरी १५ वर्षे लक्ष ठेवले होते. न धावणाऱ्यांपेक्षा धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळले, आणि हृदयविकार व पक्षाघात यांमुळे होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ४५ टक्के कमी आढळले. पण खरे नवल पुढे आहे. जे आठवड्याला ५० मिनिटेच धावत होते, तेही सावकाश, त्यांनाही जवळजवळ तेवढाच फायदा झालेला दिसला. तासन्‌तास धावणाऱ्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पट फायदा झाला नव्हता. २०१९ साली अशा १४ अभ्यासांचा एकत्र विचार झाला. त्यात सव्वादोन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. तेथेही हेच दिसले, की थोडे धावणे हे मुळीच न धावण्यापेक्षा पुष्कळ चांगले.

आता तुम्ही विचाराल, "धावणारी माणसे सिगारेटही ओढत नसतील, जेवणही जपून करीत असतील, मग फायदा नेमका कशाचा?" शंका योग्य आहे. अभ्यास करणाऱ्यांनी अशा गोष्टींचा हिशेब शक्य तेवढा धरला आहे. शिवाय धावताना शरीरात काय घडते, ते डॉक्टरांना ठाऊक आहे. नियमित धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. म्हणून बसलेले असताना त्याला कमी ठोके द्यावे लागतात. स्नायू रक्तातील साखर चांगली वापरतात. रक्तदाबही आटोक्यात राहायला मदत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे : प्रौढ माणसाने आठवड्याला किमान ७५ ते १५० मिनिटे धावण्यासारखा जोराचा व्यायाम करावा, किंवा १५० ते ३०० मिनिटे झपझप चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी प्रमाण वेगळे आहे. त्यांनी दररोज सरासरी साठ मिनिटे शरीराची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस ती जोराची असावी. रोज साठ मिनिटे हे वाचून घाबरू नका. ही साठ मिनिटे केवळ धावण्याची नाहीत. शाळेत झपझप चालत जाणे, सायकल चालवणे, कबड्डी, लंगडी, दोरीवरच्या उड्या हे सारे त्यात येते. तुम्ही खेळत असाल, तर निम्मे काम झालेलेच असते. धावण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस ठेवले तरी पुरे.

पण तीन दिवस कसे धावायचे? पुन्हा दहा फेऱ्या मारून नव्हे.

१९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील धावण्याचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला गेले. तेथे आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकाने सामान्य लोकांना सावकाश धावायला शिकवले होते. त्यांत हृदयविकारातून उठलेली माणसेही होती. लिडियार्ड यांनी पाहुण्यांना त्या लोकांबरोबर धावायला नेले. बॉवरमन तेव्हा पन्नाशीचे होते. थोड्याच वेळात त्यांना धाप लागली आणि सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा त्यांच्यासाठी मागे थांबून गप्पा मारीत धावू लागला! बॉवरमन मायदेशी परतले, ते हाच धडा घेऊन. तेथील गावकऱ्यांना त्यांनी सावकाश धावायला शिकवले आणि एका हृदयरोगतज्ज्ञाच्या मदतीने त्यावर पुस्तकही लिहिले.

त्या म्हाताऱ्याच्या गप्पांतच नव्या धावपटूसाठी सर्वांत सोपे माप आहे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले, तर वेग कमी करा. घड्याळ नसले तरी हे माप जवळ असतेच.

१९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम तयार केला. तो पुढे अनेक देशांत पोहोचला. पहिल्या आठवड्यात तीन दिवस असे करायचे : आधी पाच मिनिटे झपझप चालायचे. मग एक मिनिट धावायचे आणि दीड मिनिट चालायचे, असे वीस मिनिटे. म्हणजे प्रत्येक दिवशी धावणे होते फक्त आठ मिनिटे! आठवड्याचे २४ मिनिटे. पुढे धावण्याचा वेळ हळूहळू वाढत जातो आणि चालण्याचा कमी होतो. नवव्या आठवड्यात माणूस न थांबता तीस मिनिटे धावू शकतो. तीन दिवसांचे मिळून झाले दीड तास, म्हणजे प्रौढांसाठी सांगितलेल्या ७५ मिनिटांहून अधिकच.

इतकी सावकाश सुरुवात कशासाठी? आपला दम काही आठवड्यांतच वाढतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या मात्र मजबूत व्हायला जास्त काळ लागतो. दम म्हणतो, "अजून धाव." नडगी म्हणते, "थांब." नव्या माणसाला दमाचा आवाज मोठा ऐकू येतो, आणि दुखणे तेथूनच सुरू होते. म्हणून दोन धावण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. बूट महागडे नसले तरी चालतील, पण पायात नीट बसणारे हवेत.

आपल्या राज्यात अनेक तरुण पोलीस भरतीसाठी धावतात. ही गोष्ट त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला. दिवस उकाड्याचे होते. घरी आईवडील नोकरीच्या बातमीची वाट पाहत होते. त्या घटनेनंतर सरकारने धावण्याचे अंतर कमी केले. आता शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. अंतर लहान झाले, तरी जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत तयारी करू, हा विचार धोक्याचाच आहे. भरती पुढच्या वर्षी असेल तर आजपासून आठवड्याला तीन दिवस धावावे.

धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबावे आणि मोठ्या माणसांना सांगावे. लाज वाटून गप्प राहू नये. ताप असताना धावू नये. दमा किंवा हृदयाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रमजानमध्ये रोजा असताना उन्हात धावणे टाळावे, कारण घामावाटे गेलेले पाणी लगेच भरून काढता येत नाही. इफ्तारनंतर अन्न जिरू द्यावे आणि मग हलकेच चालावे किंवा धावावे. महिनाभर धावणे थोडे कमी झाले, तर काही बिघडत नाही.

मुलींना धावायला जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. गल्लीत गाड्या असतात आणि मैदान मुलांनी भरलेले असते. यावर शाळेनेच उपाय केला पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरण्यापूर्वीचा अर्धा तास मैदान मुलींसाठी ठेवले, तर त्याला एक पैसाही खर्च येत नाही. तुमच्या शाळेत अशी सोय नसेल, तर मुख्याध्यापकांना तसा अर्ज लिहा.

परीक्षेमुळे किंवा आजारपणामुळे पंधरा दिवस धावणे बंद पडले, तर पूर्वी जेथे होतो तेथून सुरुवात करू नये. कार्यक्रमात दोन आठवडे मागे जावे आणि तेथून पुन्हा पुढे यावे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बस कंडक्टरांना दिवसभर काय करावे लागे?
(आ) मॉरिस यांनी गणवेशांची मापे का तपासली?
(इ) धावण्याचा वेग योग्य आहे, हे कसे ओळखावे?

प्र. २. कारण लिहा : दोन धावण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : पत्ता नसणे, धाप लागणे, आटोक्यात राहणे.

प्र. ४. आपल्या शाळेच्या मैदानाची एक फेरी किती मीटरची आहे, ते दोरीने मोजा. १६०० मीटरसाठी किती फेऱ्या माराव्या लागतील?

प्र. ५. सकाळी अर्धा तास मैदान मुलींसाठी ठेवावे, अशी विनंती करणारा अर्ज मुख्याध्यापकांना लिहा.