घरच्या पद्मिनीची डागडुजी आणि तिची वही

आमची प्रीमिअर पद्मिनी १९८६ ची. बाबांच्या मागे नऊ वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मी मेकॅनिक नाही. रविवारी आणि सुट्ट्यांना एकेक काम हातात घेत दोन वर्षांत ती चालती केली. घरची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची इच्छा असलेल्यांसाठी ही कृती लिहितो आहे.

साहित्य: दोनशे पानी वही, पेन्सिल, पातळ कागद, मास्किंग टेप, भरपूर प्लास्टिकच्या पिशव्या, पान्यांचा सेट, फीलर गेज, जॅक आणि त्यासोबत दोन भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

पहिलं काम म्हणजे गाडी धुवायची नाही. आमच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबा दर ऑइलबदलीला तारीख आणि काट्यावरचे किलोमीटर पेन्सिलीने लिहीत. अकरा ओळी होत्या. गाडी आतून साफ करायला एका गॅरेजमध्ये दिली, तिथे साबणाच्या फडक्याने त्यातल्या सात पुसल्या गेल्या. उरल्या चार. म्हणून धूळ तशीच ठेवून फोटो काढा: चारही बाजू, बॉनेटखाली, डिकीत, सीटखाली, काचेवरचे जुने स्टिकर, सगळं. चेसिस आणि इंजिन नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. उमटलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. नंबरात तफावत निघाली तर ती आत्ताच कळलेली बरी.

त्याच आठवड्यात घरातल्या मोठ्यांना विचारा. आमच्या आईने एका दुपारी सांगितलं, ‘गाडी आधी दुधी रंगाची होती, निळी नंतर केली.’ डिकीच्या झाकणाचं रबर सोलून पाहिलं तर खाली दुधी रंगाची बोटभर पट्टी निघाली. असा मूळ रंग रबराखाली किंवा डॅशबोर्डमागे हमखास सापडतो.

आता इंजिन. नऊ वर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये गंज असेल तर रिंगा जातील. बॅटरीची काळी वायर काढा. टाकीतलं कुजकं पेट्रोल उघड्या हवेत, आगीपासून लांब काढून टाका. प्लगच्या वायरींना टेप लावून एक ते चार आकडे घाला (पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२), मग चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून गाडी दोन दिवस तशीच राहू द्या. नंतर न्यूट्रलमध्ये ढकलून पाहा. ढकलली जात नसेल तर ब्रेक धरले आहेत, ते आधी सोडवा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकला. फॅनबेल्ट फिरला तर इंजिन मोकळं आहे. चाकं नुसती घासत गेली तर पुन्हा तेल घाला आणि थांबा, जोर करू नका. आमच्या गाडीचा बेल्ट तिसऱ्या रविवारी फिरला.

त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, पॉइंट पॉलिशपेपरने घासून गॅप मॅन्युअलप्रमाणे लावा. कार्बोरेटरचा जेट हवेने फुंकून साफ करा. त्यात तार घातली तर भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदला, कारण आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही.

इंजिनचा आवाज आला की गाडी बाहेर काढायचा मोह होतो. ब्रेक झाल्याशिवाय फाटक उघडू नका. चारही ड्रम उतरवा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. चाकाच्या सिलिंडरमधली रबरं, होज आणि ब्रेक ऑइल सगळं नवं घाला. इथे काटकसर नको.

पत्र्यासाठी गालिचे उचला आणि पान्याच्या टोकाने फ्लोअर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. कुजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या. नुसती लांबी भरली तर दोन पावसाळ्यांत गंज वर येतो. रंगाचं काम सगळ्यात शेवटी.

काढलेला प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. वहीत तारीख, काय काढलं, कसं होतं, काय घातलं, बिल आणि काम करणाऱ्या मेस्त्रींचं नाव. बदललेला भाग लगेच टाकू नका. दुकानात नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो. माझा डावा टेललॅम्प पुण्यात नाना पेठेत असाच जुळवून मिळाला.

ही गाडी १९६४ पासून, आधी फियाट नावाने, कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. पद्मिनी हे नाव १९७४ चं. कारखान्यातलं उत्पादन थांबल्यावरही मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमुळे सुटे भाग सहज मिळत राहिले. त्यातली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता बरेच भाग जुन्या गाड्यांमधूनच मिळतात. तेव्हा तुमच्या दारातली पद्मिनी दुरुस्तीपलीकडे गेली असेल आणि भंगारात द्यायचं ठरलं असेल, तर आधी कुणा पद्मिनीवाल्याला एक फोन करा. दाराची एक कडी, एक टेललॅम्प, एक काच त्याच्यासाठी वर्षभराची शोधाशोध वाचवते.