जनसंपर्क: कचऱ्यापासून करिअरपर्यंत

जनसंपर्क म्हणजे कंपन्यांची जाहिरात नि नेत्यांचे फोटो, असं समजून अनेक पालक मुलांना या क्षेत्राकडे जाऊ देत नाहीत. या कामाचा खरा आवाका कल्याण-डोंबिवलीच्या कचऱ्यात दिसतो.

घनकचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. मार्च 2018 मध्ये कल्याणच्या आधारवाडी डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली आणि धुराने रहिवासी हैराण झाले. 2020 मध्ये महापालिकेने शून्य कचरा मोहीम सुरू केली. वेंगुर्ल्यात असंच काम केलेले रामदास कोकरे तेव्हा घनकचरा विभागाचे उपायुक्त होते. 2021 मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं.

यात जनसंपर्क कुठे?

गाड्या आणि प्रकल्प पैशाने उभे राहतात. ओला-सुका कचरा मात्र घराघरांत वेगळा व्हावा लागतो. तो का, कसा आणि पुढे त्याचं काय होतं, हे चाळीत, सोसायटीत, वस्तीत जाऊन लोकांच्या भाषेत सांगावं लागतं. वेगळा दिलेला कचरा घंटागाडीत एकत्र होताना दिसला, तर पुढचं कोणतंही पत्रक लोकांना पटत नाही. ही तक्रार साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचवून दुरुस्त करून घेणं, हे जनसंपर्काचं अर्धं काम. कल्याणमधल्या बारावेच्या रहिवाशांनी तिथल्या कचरा प्रकल्पाला विरोध केला तो आधारवाडी पाहूनच. अशी भीती आधी ऐकून घ्यावी लागते.

शिक्षण आणि संधी

बारावीनंतर कोणत्याही शाखेतून मास कम्युनिकेशनची पदवी घेता येते. ठाण्यात जोशी-बेडेकर महाविद्यालयात ही सोय आहे. समाजशास्त्र किंवा समाजकार्याची पदवीही उपयोगी पडते. महापालिका, रुग्णालयं, सामाजिक संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक जबाबदारी (सीएसआर) विभाग इथे कामं मिळतात. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारीपदं एमपीएससीमार्फत भरली जातात. सरकारी जागा मोजक्या असतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नका.

आधी स्वतःला तपासा

विद्यार्थ्यांनो, आपल्याच सोसायटीतल्या दहा घरांना विचारा, कचरा वेगळा का होत नाही? उत्तरं मध्ये न बोलता ऐका, नोंदवा. मग मराठीत आणि हिंदीत एका पानाची सूचना लिहा, आणि महिन्याभराने काय बदललं ते पाहा. पालकहो, या कामात मूल रमलं, तर त्याला अडवू नका. गुंतागुंतीच्या प्रश्नांत लोकांचा विश्वास मिळवणारी माणसं आपल्या शहरांना हवी आहेत.